साहेब हे पहिल्यांदाच ऐकतायत

मार्नी टॉरगर्सन ऑफिसचं कुलूप काढून आत यायची, कोट अजून अर्धा अंगातच असायचा, आणि फोन वाजायला लागायचा. तो कुणाचा हे बघायची गरजच नव्हती. गेले काही महिने रोज सकाळी पहिला फोन त्याच माणसाचा असायचा.

"खासदार ट्रेंट हॉलवेग यांचं नॉर्डबर्ग कार्यालय. आपलं नाव आणि पिनकोड सांगता का?"

"लीलंड टॉरगर्सन." मग पिनकोड, एकेक आकडा सुटा सुटा करून, जणू पलीकडे बसलेली बाई काल परवाच आयोवात राहायला आली असावी.

"अहो डॅड, काय हे! मोबाइलवर करा ना मला."

"डॅड कोण? मी मतदार बोलतोय. आणि मतदारावर असं खेकसायची पद्धत आहे का तुमच्याकडे?"

मार्नी डोळे मिटून घ्यायची. कोटाची उरलेली बाही काढायची. मग शिकवलेल्या आवाजात विचारायची, "बोला मिस्टर टॉरगर्सन, काय म्हणणं आहे आपलं?"

"तेच. दवाखाना बंद करू नका म्हणावं."

"तुमचं म्हणणं मी साहेबांच्या कानावर घालते. फोन केल्याबद्दल आभारी आहे."

"मीही आभारी आहे," म्हातारा म्हणायचा. आणि लगेच आवाज बदलून, "संध्याकाळी येतेस ना? राजमा-खिमा घालून चिली केलीय. येताना सिनॅमन रोल आण, त्या नव्या बेकरीतले नकोत, त्यात नुसती साखर असते."

काय म्हणावं या माणसाला! नॉर्डबर्गमधले बाकीचे लोक नात्यातलं कुणी खासदाराच्या ऑफिसात असलं की मागच्या दाराने कामं करून घेतात. लीलंडला ते पाप वाटायचं. मुलगी तिथे आहे म्हणून आपलं काम पुढे ढकललं तर रांगेतल्या दुसऱ्या कुणाचं मागे जाईल, हा त्याचा हिशेब. म्हणून तो रांगेत उभा राहायचा, आणि रांगेच्या तोंडाशी बसायची त्याचीच मुलगी.

दवाखाना म्हणजे गावातला माजी सैनिकांचा सरकारी दवाखाना. लीलंड विशीत व्हिएतनामला जाऊन आला होता. आता त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांनी राजीनामा दिला होता, आणि आठवड्यातून तीनदा त्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मशीनकडून तो रक्त धुवून घ्यायचा. घरापासून पायी जाता येईल इतका जवळ. वॉशिंग्टनमध्ये काटकसरीचं मोठं बिल पास झालं आणि त्या कात्रीत हा दवाखाना सापडला. महिनाअखेर दाराला कुलूप. मग थेट राज्याच्या राजधानीत, डे मॉइनला. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि मधे मशीनवर चार. शहाऐंशी नंबरच्या रस्त्यावर हिवाळ्यात बर्फ साचलं की तेही देवाच्या हवाली.

आणि त्या बिलाच्या बाजूने हात वर कुणी केला होता? हॉलवेगसाहेबांनी. हात वर करून आठवडा उलटला नाही तोच साहेब याच दवाखान्यात आले, नव्या एक्स-रे मशीनपाशी उभे राहून फोटो काढला, आणि खाली लिहिलं, "आपल्या सैनिकांसाठी मी सदैव लढत राहीन." फोटो मार्नीनेच काढला होता. काढताना तिच्या मनात आलं होतं की कॅमेरा साहेबांच्या डोक्यात घालावा. पण नऊ वर्षांची नोकरी होती, घराचे हप्ते होते, आणि मनातल्या गोष्टी मनात ठेवायची सवय झाली होती.

लीलंडला मात्र बिलाचं काही सांगायला जावं तर तो हात झटकायचा.

"अगं, त्यात हजार पानं असतात. कुणी वाचतं का ते? त्याला माहीतच नसणार यात आपला दवाखाना आहे. ट्रेंट भला माणूस आहे. त्याच्या बापाला मी ओळखायचो, डुकरं पाळायचा, उधारीवर कधी चारा घेतला नाही त्याने. या पोराला कुणी नीट सांगितलंच नसेल, बस. तू सांगितलंस का?"

"सांगितलं, डॅड."

"मग करेल तो काहीतरी. बघशील तू."

हे ऐकलं की मार्नीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिने खरंच सांगितलं होतं. बिलावर मतदान व्हायच्या आधीपासून दर शुक्रवारी वॉशिंग्टनला पाठवायच्या अहवालात सगळ्यात वर लिहिलं होतं. साहेबांचा उजवा हात म्हणजे कॅम्डेन, सव्वीस वर्षांचा, दाढी कोरलेला, आयोवात एकूण दोनदा आलेला, त्यालाही फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "हो हो, हे आमच्या रडारवर आहे." कुठलं रडार होतं देव जाणे, त्यात दिसत तर काहीच नव्हतं.

आणि शेवटी तिने साहेबांना स्वतःला, तोंडावर सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये, जिल्ह्याच्या जत्रेत. साहेब तिच्याच गाडीत मागे बसले होते, काडीला लावलेलं डुकराचं मांस खात होते, शर्टाला डाग पडू नये म्हणून पुढे वाकले होते. ती म्हणाली, "साहेब, नॉर्डबर्गचा सैनिकी दवाखाना बंद होतोय. माझे वडील तिथे डायलिसिसला जातात." साहेबांनी मान हलवली, घास गिळला आणि म्हणाले, "भयंकर आहे हे, मार्नी. कॅम्डेनला सांग." मग विचारलं, "पुसायला कागद आहे का?"

तिने कागद दिला होता.

हे सगळं डॅडना सांगावं असं तिला अनेकदा वाटलं. पण त्या म्हाताऱ्याकडे उरलं काय होतं? बायको गेली, मूत्रपिंडं गेली, कानही निम्मे गेले. ट्रेंट हॉलवेग भला माणूस आहे एवढा एक विश्वास शाबूत होता. तो मोडून हातात काय द्यायचं? म्हणून ती "सांगितलं" एवढंच म्हणायची आणि गप्प बसायची.

बाकी दिवसभर फोनवर तीच कटकट. एकाला वाटायचं सरकारने फारच कापलं, त्याच्या पाठोपाठच्याला वाटायचं अजून काहीच कापलं नाही. एक जण ओरडायचा, तुमचा साहेब राष्ट्राध्यक्षांच्या खिशात आहे. लगेच दुसरी बाई किंचाळायची, तुमचा साहेब राष्ट्राध्यक्षांना पुरेशी साथ देत नाही, गद्दार मेला. एका गृहस्थांना सरकारी नियमाने उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं तासभर मागेपुढे करणं थांबवायचं होतं आणि त्यासाठी ते रडायचे, अगदी खरे रडायचे. सगळ्यांना मार्नीचं एकच उत्तर, कानावर घालते. साहेबांच्या कानात एवढं सगळं खरंच गेलं असतं तर माणूस उभा राहू शकला नसता.

स्वतः साहेब मात्र फोटोपुरते सोडले तर गावात तोंड दाखवत नव्हते. गेल्या वर्षी शाळेच्या जिममध्ये खुली सभा घेतली तेव्हा लोकांनी इतका आरडाओरडा केला की साहेब मागच्या दाराने सटकले. तेव्हापासून खुली सभा बंद. गावातल्या काही मंडळींनी मग साहेबांविनाच सभा भरवली, स्टेजवर रिकामी खुर्ची ठेवली आणि तिलाच प्रश्न विचारले. वर्तमानपत्रात त्या खुर्चीचा फोटो आला. वॉशिंग्टनमध्ये धावपळ झाली, आणि कॅम्डेनचा फोन आला.

"मार्नी, आपण टेलिफोन सभा घेतोय. गुरुवारी संध्याकाळी. हजारो लोकांना एकदम फोन जाईल, ते घरी बसून ऐकतील, ज्याला प्रश्न विचारायचाय त्याने बटण दाबायचं. बटण दाबणारे तुझ्याकडे येतील. तू विचारायचंस प्रश्न काय आहे, एका ओळीत स्क्रीनवर टाकायचंस, नि योग्य वाटेल त्याच्यापुढचं हिरवं बटण दाबायचंस. की तो थेट साहेबांशी बोलणार."

"योग्य म्हणजे?"

"म्हणजे सभ्य. आपले. दवाखान्याचा विषय शक्यतो नकोच."

"अरे, इथे लोक दुसरं काही बोलतच नाहीत!"

"म्हणून तर तू आहेस ना," कॅम्डेन म्हणाला. त्याला ते कौतुक वाटलं असावं.

गुरुवारी संध्याकाळी मार्नी ऑफिसात एकटीच कानाला यंत्र लावून बसली. साहेबांचा आवाज तिकडून, वॉशिंग्टनमधून, तुपात घोळवलेला. "मित्रांनो, तुमच्याशी बोलायला मला नेहमीच आवडतं." मार्नीच्या तोंडून "हो ना!" असं निघून गेलं, नशीब, तिचा माइक बंद होता.

स्क्रीनवर नावांची रांग वाढत होती. दवाखाना, दवाखाना, घड्याळं, दवाखाना, मक्याचे भाव. तिने मक्याच्या भावाला सोडलं. मग शाळेच्या बसबद्दल विचारणाऱ्या एका बाईला. मग रांगेत एक नाव उगवलं. लीलंड टॉरगर्सन.

ती त्याच्या लाइनवर गेली. "आपला प्रश्न काय आहे?"

"मार्नी का? म्हणजे मिस टॉरगर्सन?"

"डॅड, पटकन सांगा."

"दवाखाना."

"डॅड, दवाखान्याचे प्रश्न घ्यायचे नाहीत असं सांगितलंय मला. दुसरं काही विचारणार असाल तर…"

"मला दुसरं काही विचारायचंच नाहीये. नसेल घ्यायचा तर नको घेऊ. मी थांबतो रांगेत. काही घाई नाही."

काही घाई नाही! महिनाअखेर आठवड्यावर आली होती. मार्नीने त्या नावाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत या माणसाने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आत्तासुद्धा मागत नव्हता. आणि तो नुसता थांबणार होता, सभा संपेपर्यंत, फोन कानाला लावून, साहेब भला माणूस आहे असं समजून. बास झालं, ती स्वतःशी म्हणाली. नावापुढच्या जागेत तिने टाइप केलं: 'माजी सैनिक, साहेबांचे जुने समर्थक, आभार मानायचे आहेत.' आणि हिरवं बटण दाबलं.

"आता आपल्याबरोबर आहेत नॉर्डबर्गचे लीलंड," कॅम्डेनचा आवाज आला, खूश. "व्हिएतनाम युद्धातले आपले वीर!"

"लीलंड!" साहेब म्हणाले. "आधी तुमच्या सेवेबद्दल मनापासून धन्यवाद."

"ठीक आहे ते. ट्रेंट, मी दवाखान्याबद्दल बोलतोय. आमचा सैनिकांचा दवाखाना महिनाअखेर बंद होतोय. मी तिथे डायलिसिसला जातो. मी तुझ्या ऑफिसात रोज फोन करतो. तिथे माझी मुलगी कामाला आहे, मार्नी. ती म्हणते तिने तुझ्या कानावर घातलंय. मला एवढंच विचारायचंय, तुला सांगितलं का तिने?"

मार्नीने कानाचं यंत्र हाताने घट्ट दाबून धरलं. एक वाक्य, ती मनात म्हणत होती. साहेब, एकच खरं वाक्य बोला. हो म्हणा, आणि मग हवं तर हजार कारणं द्या. हजारो लोक ऐकतायत, पण मला त्यातल्या एकाचीच पर्वा आहे.

"लीलंड, तुमच्याशी अगदी प्रामाणिकपणे बोलतो," साहेब म्हणाले, आणि मार्नीच्या लक्षात आलं की आता काय येणार. "हे मी आत्ता, तुमच्याकडून पहिल्यांदाच ऐकतोय. आणि ऐकून मला धक्का बसलाय. स्थानिक ऑफिसकडून ही गोष्ट माझ्यापर्यंत यायला हवी होती. मी यात जातीने लक्ष घालतो. मार्नी उत्तम काम करते, तुम्ही उद्या सकाळी ऑफिसात फोन करा, ती तुम्हाला सगळी मदत करेल. पुढचा प्रश्न?"

लीलंडचं नाव स्क्रीनवरून पुसलं गेलं.

आधी मार्नीला हसू आलं, मग कान तापले. मेल्या! काडीचं मांस खाताना धक्का बसला नाही, कागद मागताना बसला नाही, तो आत्ता बसला होय! आणि वर मलाच फोन करा! खुर्ची मागे लोटून ती उठली, शेजारच्या टेबलावरचा साधा फोन उचलला, सभेचा नंबर लावला. तिच्याच स्क्रीनवर तिचंच नाव रांगेत उगवलं. नऊ वर्षांत साहेबांशी बोलायला तिने पहिल्यांदाच रांग लावली होती, आणि रांगेची किल्ली तिच्याच हातात होती. तिने हिरवं बटण दाबलं.

"आणि आता नॉर्डबर्गच्या मार्नी," कॅम्डेन वाचत वाचत म्हणाला, आणि 'मार्नी'वर त्याचा आवाज अडखळला.

"हॅलो मार्नी!" साहेब म्हणाले. आवाज ओळखला नाही, नावही नाही.

"साहेब, मी तुमच्या ऑफिसातली मार्नी. मी तुम्हाला सांगितलं होतं. जत्रेत, गाडीत, तुम्ही खात होतात तेव्हा. तुम्ही म्हणालात भयंकर आहे. तुम्ही बिलाला मत दिलंत ते दवाखाना बंद होणार हे माहीत असताना. माझ्या वडिलांसमोर मला खोटं पाडू नका. मी…"

टक्. लाइन तुटली. स्क्रीन पांढरी झाली, मग काळी. मोबाइलवर कॅम्डेनचे निरोप येऊन आदळायला लागले, सगळे मोठ्या अक्षरांत. तिने मोबाइल पालथा घातला, दिवे घालवले आणि गाडी काढली.

लीलंड स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. समोर फोन, त्याच्या बाजूला चिलीची झाकलेली वाटी. दार वाजलं तरी त्याने वर पाहिलं नाही.

"डॅड, ऐकलंत?"

"ऐकलं. तो म्हणाला पहिल्यांदाच ऐकतोय."

"त्यानंतरचं? मी बोलले ते?"

"तू? त्यांनी मला काढूनच टाकलं. त्याचं उत्तर संपलं आणि फोन बंद. तू कुठे बोललीस?"

मार्नी समोरच्या खुर्चीत मटकन बसली. देशोधडीला लागायची वेळ आणली होती स्वतःवर, आणि ज्याच्यासाठी आणली त्याच्यापर्यंत एक अक्षर पोहोचलं नव्हतं.

"तू त्याला सांगितलं होतंस?" लीलंडने विचारलं. हळू, कुठलाही राग न आणता. तेच तिला सहन होईना.

मग तिने सगळं सांगितलं. अहवाल, कॅम्डेन, जत्रा, काडीचं मांस, कागद. बिल. एक्स-रे मशीनजवळचा फोटो कुणी काढला तेही. लीलंड ऐकत होता, बरा कान तिच्याकडे करून. तिचं संपलं तेव्हा त्याने वाटीवरचं झाकण उचललं, परत ठेवलं.

"म्हणजे तो माझ्याशी खोटं बोलला," तो म्हणाला. "मी लाइनवर असताना. माझं नाव घेऊन."

"हो."

"त्याच्या बापाने असं केलं नसतं." मग थोडं थांबून, "आणि मला आत कसं सोडलंस? तू तर म्हणत होतीस दवाखान्याचे प्रश्न घेत नाहीत."

मार्नी खाली बघत म्हणाली, "मी लिहिलं की तुम्हाला आभार मानायचेत."

"काय?"

"डॅड, दुसरा मार्ग नव्हता."

"आभार? मी? माझा दवाखाना काढून घेतला म्हणून मी त्याचे आभार मानणार होतो? असं त्यांच्याकडे माझ्या नावाने लिहिलंय?" म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. दवाखाना बंद होतोय हे कळलं तेव्हासुद्धा तो इतका भडकला नव्हता. "मी तुला सांगितलं होतं, नसेल घ्यायचा तर नको घेऊ. सांगितलं होतं की नाही? एकाने तोंडावर खोटं बोलायचं, दुसरीने पाठीमागे. आणि दोघांनाही वाटणार आपण लीलंडचं भलंच करतोय!"

"तुमच्यासाठी केलं मी! नोकरी घालवून आलेय आत्ता मी, माहितेय? रोज सकाळी तुम्ही फोन करायचात आणि मी पोपटासारखं बोलायचं, आणि तो माणूस तिकडे… काय करायला हवं होतं मी? सांगा ना! काय करायला हवं होतं?"

तिचा आवाज फाटला. लीलंड टेबलावरचा एक जुना डाग अंगठ्याने घासत राहिला.

"ऑगस्टमध्ये मला सांगायला हवं होतंस," तो शेवटी म्हणाला. "जत्रेतून आल्यावर. मला सोसलं असतं. मी काही काचेचा नाही."

मार्नीने मान हलवली.

लीलंड उठला, चिली गरम करायला ठेवली, दोन वाट्या काढल्या. तिच्याकडे पाठ करूनच तो म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून डे मॉइनला जावं लागेल. मशीननंतर मला गरगरतं, गाडी चालवता यायची नाही."

"मी नेईन."

"तुझं ऑफिस?"

"कसलं ऑफिस, डॅड."

"हं." त्याने वाटी तिच्यापुढे ठेवली, समोर बसला, चमचा हातात घेतला. "गाडीत त्याचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार."

"आणि मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगायचं नाही."

"नाही."

"मग दोन तास आपण बोलायचं काय?"

मार्नीने वाटी जवळ ओढली आणि चमचा उचलला.